सामान अंबत्तूरला, खटला पुण्याला

बाबांना कुणी "तुम्ही कुठले?" विचारलं की ते सांगायचे, "साताऱ्याचे." समोरच्याला सातारा माहीत नसला तर म्हणायचे, "पुण्याजवळ." तेही कळलं नाही तर "बॉम्बे साइड." अशा तीन टप्प्यांत ते स्वतःला मुंबईपर्यंत नेऊन सोडायचे. हे बोलणाऱ्या माणसाने आख्खी नोकरी चेन्नईत काढलेली होती, आवडी नावाच्या उपनगरातल्या संरक्षण कारखान्यात, तपासणी विभागात. राहायला कारखान्याची क्वार्टर, खायला इथलाच तांदूळ, आणि तोंडात एकच पालुपद: आपण काय, इथे तात्पुरते आहोत.

मी त्या तात्पुरत्या काळात जन्मले, शाळेत गेले, इंजिनियर झाले आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, सिरुसेरीच्या आयटी पार्कमध्ये नोकरीला लागले. माझं मराठी घरातलं आहे. भांडण मी मराठीत करते आणि हिशेब तमिळमध्ये. बाबांना याचं फार वाईट वाटतं.

आईचं प्रकरण वेगळं. आई हिंदी शिकवते. चेन्नईत शाळेबाहेरच्या हिंदीच्या परीक्षा देणारी मुलं गल्लोगल्ली असतात. त्यांच्या आयांना मुलांना हिंदी यायलाच हवं असतं आणि स्वतःला ते अजिबात येत नसतं. त्यामुळे संध्याकाळी आमच्या दाराशी लहान चपलांचा ढीग पडायचा आणि आतून का, के, कीचा गजर चालायचा. कॉलनीत आईला सगळे 'हिंदी मामी' म्हणतात. भाजीवाली तिला रांगेतून पुढे बोलावते, कारण तिचा नातू आईकडे दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झाला. आता साताऱ्यात हिंदी मामीचं काय काम? तिथे हिंदी सगळ्यांनाच येतं, निदान येतं असं त्यांना वाटतं.

तर बाबा निवृत्त झाले आणि त्यांनी जाहीर केलं की आपण परत जायचं. काकांच्या घरावर एक मजला चढवून ठेवला होता, तिथे. आईला जायचं नव्हतं. हे आईला माहीत होतं, मला माहीत होतं, शेजारच्या मामींना तर आमच्या आधी माहीत होतं. बाबांना माहीत नव्हतं, कारण त्यांनी विचारलं नव्हतं. आईने सामान बांधायला घेतलं. बांधता बांधता एकेक डबा हातात घेऊन ती इतका वेळ बसायची की बाबा म्हणायचे, "किती ग उत्साह तुला."

सामान न्यायला कोण, हा प्रश्न आला. आवडीत आणि शेजारच्या अंबत्तूरमध्ये ट्रान्सपोर्टवाले हवे तेवढे. पण बाबांनी शोधून काढली ती नेमकी पुण्याची कंपनी. मुख्य कचेरी पुण्यात, शाखा अंबत्तूरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, आणि शाखेत मॅनेजर मराठी. परमुलखात राहणाऱ्या आमच्या लोकांना एक आजार असतो. मराठी बोलणारा माणूस दिसला की डोकं बंद पडतं. इतर वेळी टोमॅटो दाबून बघितल्याशिवाय न घेणारे बाबा त्या मॅनेजरसमोर अगदी लोण्यासारखे झाले.

"काका, साताऱ्याचे तुम्ही? माझी मावशी कोरेगावला असते," तो म्हणाला.

झालं. कोरेगावच्या मावशीवर आमचा संसार बाबांनी त्याच्या स्वाधीन केला. गाडी कधी सुटणार, माल कुठे ठेवणार, पावसापाण्याचं काय, एक प्रश्न नाही. मी विचारायला लागले तर बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पाहुण्याला घरभाडं मागितलं. "आपला माणूस आहे," ते म्हणाले. त्या माणसाने पावती पुढे केली. पावतीच्या मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात बरंच काही छापलेलं होतं. बाबा तपासणी विभागातले, केसाएवढी चीर दिसली की आख्खी पेटी परत पाठवणारे. त्यांनी भिंग लावून ते वाचलं. त्यात एक वाक्य होतं की कुठलाही वाद झाल्यास तो फक्त पुण्याच्या न्यायालयात चालेल. ते वाचून बाबांना कसलीही चीर दिसली नाही. उलट त्यांनी ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं.

"बघ, न्यायालयसुद्धा आपलंच," ते म्हणाले, आणि झोकात सही केली.

त्यानंतर सामान जाऊन पडलं अंबत्तूरच्या गोडाउनमध्ये. एका घराच्या सामानाने आख्खी गाडी भरत नाही, तेव्हा पुण्याकडे जाणारा आणखी माल आला की गाडी सुटणार होती. आम्ही फोन करायचो. "काका, भरत आलीय," मॅनेजर म्हणायचा. ती गाडी अशी भरत राहिली आणि तोवर इकडचा, कार्तिकातला पाऊस आला. अंबत्तूरमध्ये पाऊस आला की पाणी आधी कारखान्यात शिरतं, मग गोडाउनमध्ये, आणि मग वाटलं तर गटारात जातं. आम्ही बघायला गेलो तेव्हा गाद्या फुगून टम्म झालेल्या, कपाटाच्या फळ्यांचे पापुद्रे सुटलेले, आणि आईची शिकवणीची पुस्तकं चहात बुडवलेल्या पावासारखी. बाबा कपाटाच्या दारावरून नुसता हात फिरवत राहिले. मला त्या वेळी त्यांची खरंच दया आली.

मॅनेजर आला. "सर," तो इंग्रजीत म्हणाला, "तुम्हाला हेड ऑफिसशी बोलावं लागेल."

काकांचे सर झाले तेव्हाच मी ओळखलं की कोरेगावची मावशी आता आपली राहिली नाही. हेड ऑफिसने कळवलं की माल चांगल्या स्थितीत रवाना झाला आहे. कुठून रवाना झाला आणि कुठे पोचला, ते त्यांनी कळवलं नाही. आमची गादी अंबत्तूरमध्ये कुजत होती, हे आम्ही डोळ्यांनी बघत होतो.

बाबांना भरपाईची हाव नव्हती. त्यांना एवढंच हवं होतं की कंपनीने चारचौघांत कबूल करावं, सामान इथून हललंच नाही. तोवर गावी जाणार नाही, असं त्यांनी ठरवलं. "भावाने विचारलं काय आणलंस, तर काय दाखवू? बुरशी?" क्वार्टरची मुदत तर संपत आलेली. मग अंबत्तूरमध्येच दोन खोल्या भाड्याने घेतल्या, अर्थात तात्पुरत्या. आईने पुढच्याच आठवड्यात जमिनीवर सतरंजी टाकून शिकवणी सुरू केली. चपलांचा ढीग इथेही पडायला लागला. सिरुसेरीहून मी शनिवारी यायचे तेव्हा आईचा चेहरा असा तजेलदार असायचा की सामान बुडालेल्या घरात तो शोभत नव्हता.

वकील मिळाले ते तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज राजांच्या फौजेबरोबर तिकडे आले ते तिथलेच झाले. त्यांचं मराठी जुनं, वर तमिळचा हेल, आणि मधे मधे 'बरं, बरं'च्या जागी 'सरि, सरि'. बाबा त्यांना पाठीमागे "नावाचे मराठी" म्हणायचे. एकदा पोळलेले होते, त्यामुळे या वेळी त्यांनी आपला माणूस म्हणून नाही, तर वकील चांगला म्हणून केस दिली, आणि हे मला मुद्दाम सांगितलं.

चेन्नईच्या दिवाणी कोर्टात दावा लागला. कंपनीने उत्तर दिलं. सामानाबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच की हा दावा इथे चालूच शकत नाही, पावतीच्या मागे पुणे लिहिलंय आणि खाली वादीची सही आहे. ती झोकात केलेली सही. खालच्या कोर्टाला ते पटलं. दावा परत, पुण्यात जाऊन दाखल करा.

बाबा घरी येऊन खुर्चीत बसले. "सामान अंबत्तूरच्या बाहेर गेलं नाही आणि खटला पुण्याला जाणार," ते म्हणाले.

"आनंद माना बाबा," मी म्हटलं. "सामान नाही तर नाही, खटला तरी घरी पोचतोय."

त्या संध्याकाळी ते माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी आईला सांगितलं, आणि तिथे खरा घोळ झाला. ते म्हणाले, हायकोर्टात अपील करू. तिथेही पुणंच ठरलं, तर मग इथे कशाला राहायचं? सरळ साताऱ्याला जाऊ, तिथून तारखांना पुण्याला जाता येईल. आई तेव्हा डोशाचं पीठ भिजवत होती. तिने हात पिठातून काढला नाही. पण मला दिसलं की तिचा हात ढवळायचा थांबलाय. आता हायकोर्ट जो काही निकाल देणार होतं, तो बाबांच्या कपाटापेक्षा जास्त आईच्या सतरंजीबद्दल होता. पुणे म्हणजे साताऱ्याची गाडी, चेन्नई म्हणजे हिंदी मामी. एवढं सोपं होतं.

त्या दिवसापासून आईइतका कायद्याचा अभ्यास कुणी केला नसेल. वकील घरी आले की ती कॉफी घेऊन तिथेच बसायची. शाखा म्हणजे काय, मुख्य कचेरी म्हणजे काय, माल कुठे ताब्यात दिला याला महत्त्व किती. वकिलांनी तिला समजावलं की शाखेत माल घेतला आणि तिथेच बिघडला, तर कायदा शाखेच्या गावचं कोर्ट धरतो, मुख्य कचेरीच्या गावचं नाही; आणि कायद्याने ज्या कोर्टाला अधिकारच दिलेला नाही, त्याला तो दोन माणसं पावतीवर छापून देऊ शकत नाहीत. आईने ते त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, शिकवणीतल्या मुलांकडून घेते तसं. बाबा भारावून मला म्हणाले, "बघ, कशी उभी आहे माझ्या पाठीशी." मी कपाळाला हात लावला, पण मनातल्या मनात.

हायकोर्टात कंपनीने नवीन शपथपत्र केलं. वादी मूळचे साताऱ्याचे, मातृभाषा मराठी, चेन्नईतलं राहणं तात्पुरतं, आणि कायमचं गावी जायचं म्हणूनच त्यांनी सामान पाठवलं. तेव्हा पुण्यात खटला चालवायला त्यांना उलट सोयीचंच. बाबांनी ते वाचलं आणि म्हणाले, "यात खोटं काय आहे?"

वकिलांनी कपाळ चोळलं. उत्तरादाखल त्यांनी बाबांचं शपथपत्र तयार करून आणलं होतं. त्यात लिहिलं होतं की मी चेन्नईचा कायमचा रहिवासी आहे आणि इतरत्र राहायला जाण्याचा माझा इरादा नाही.

"मी खोट्यावर सही करणार नाही," बाबा म्हणाले. "मी चेन्नईचा नाही."

"मग कोठले?" वकिलांनी विचारलं.

"साताऱ्याचा."

"तेथें कोण ओळखतें तुम्हाला?"

बाबांनी भावाचं नाव घेतलं, मग थांबले. वकील म्हणाले, "आम्ही येऊन तीनशें वर्षें झालीं. आम्हाला कोण विचारत नाही, परत केव्हां जातां म्हणून. तुम्हाला देखील कोण विचारत नाही. तुम्हीच सांगत असतां."

बाबांना हे इतकं लागलं की ते उठून गॅलरीत गेले. मग आई बोलली. आवाज न चढवता, भाजी निवडत बोलते तशी. रेशनकार्ड इथलं. मतदान इथे करता. डोळ्याचं ऑपरेशन इथे झालं. मुलगी इथे कमावते. गेल्या खेपेला साताऱ्याला गेलात तर चौथ्या दिवशी सांबार नाही म्हणून कुरकुरलात. यातलं खोटं काय, ते सांगा आणि मग सही करू नका. बाबा आत आले आणि त्यांनी सही केली. एखाद्याला मूत्रपिंड काढून द्यावं तसा चेहरा होता. पेन त्यांनी टेबलावर आपटलं.

सुनावणीच्या दिवशी मी रजा काढली. पॅरीज कॉर्नरला उतरून हायकोर्टाच्या त्या लाल इमारतीत आम्ही तिघं एका बाकावर बसलो. आमच्या आधीचं प्रकरण लांबलं, मग आमचं आलं. दोन शहाणी माणसं, काळे डगले घालून, भांडायचं कुठे यावर भांडत होती. नासलं काय, कुणी नासवलं, हे विचारायची पाळीच आली नाही. कंपनीचे वकील तमिळ होते आणि पुण्याची स्तुती करत होते. पुणं किती सुसंस्कृत शहर, तिथली न्यायालयं किती जुनी, हवा किती चांगली. बाबा मान डोलवायला लागले. विरुद्ध बाजूच्या वकिलाला आपला अशील मान डोलवतोय हे बघून आमच्या वकिलांनी मागे हात करून त्यांचा गुडघा दाबला.

मग तो वकील म्हणाला, "तिथे सगळे मराठीच बोलतात. यांना तिथे काय त्रास होणार आहे?"

बाबांची मान थांबली. "गुडघे दुखतात माझे," ते पुटपुटले. "ते मराठीत दुखले तर काय कमी दुखतात?" शिपायाने आमच्याकडे डोळे वटारले. आईने पदराने तोंड झाकलं. ती हसत असावी असं मला वाटलं. नंतर बघितलं तर तिचे डोळे ओले होते.

निकाल थोड्या दिवसांनी आला. शाखा इथली, माल इथे घेतला, इथेच बिघडला, म्हणून खटला इथेच चालेल. पुण्यातल्या न्यायालयाला मुळातच अधिकार नसल्यामुळे पावतीवर काय छापलंय याला अर्थ नाही. खालच्या कोर्टाचा आदेश रद्द. आणि वादी हे चेन्नईचे कायमचे रहिवासी असल्याचं नमूद. वकील मैसूरपाक घेऊन संध्याकाळी घरी आले. आईने शिकवणीच्या मुलांना लवकर सोडलं. ती मुलं खिडकीबाहेर बराच वेळ ओरडत होती, हिंदी सोडून सगळ्या भाषांत.

"जिंकलो," बाबा म्हणाले. "आता पुढे?"

"आतां खटला सुरू होईल," वकील म्हणाले.

"मग इतके दिवस काय चालू होतं?"

"तें, कोठें चालवायचें म्हणून चाललें होतें."

बाबांनी मैसूरपाक बशीत परत ठेवला. आईने पुढे सरकून विचारलं, आता किती काळ लागेल. वकिलांनी अवघडून हात पसरले. बरींच वर्षें, ते म्हणाले. शिवाय कायमचा रहिवासी म्हणून शपथेवर सांगितलंय, तेव्हा तोवर गावी राहायला जाणं बरं दिसणार नाही. कंपनी तेच धरून बसेल. आई आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा वकिलांसाठी दुसरी कॉफी घेऊन आली, न विचारता.

बाबांना वाटलं तिचं मन मोडलं. ते तिच्याकडे वळून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस. निकाल लागला की जाऊच आपण."

"मला जायचं नाही," आई म्हणाली.

"म्हणजे आत्ता नाही ना, खटला झाल्यावर."

"खटला झाल्यावर पण नाही. मला आधीही जायचं नव्हतं. सामान भिजलं तेव्हा तुम्ही रडवेले झाला होतात आणि मी देवापुढे साखर ठेवली होती."

बाबांना हे समजायला वेळ लागला. तपासणी विभागातल्या माणसाच्या घरातून एवढी मोठी पेटी कशी सुटली, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"मग बोलली का नाहीस?" ते म्हणाले.

"बोलले होते. क्वार्टर सोडायच्या आधी, दोनदा. तुम्ही म्हणालात, तिथे सगळे मराठीच बोलतात, तुला काय त्रास होणार आहे."

वकिलांनी कप खाली ठेवला, आवाज होऊ न देता. कंपनीच्या वकिलाचं ते वाक्य आम्ही सगळ्यांनी कोर्टात ऐकलं होतं. ते ऐकून बाबा किती चिडले होते, तेही आम्ही बघितलं होतं. आता ते खाली फरशीकडे बघत होते आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

मग त्यांनी वकिलांना विचारलं, "हिची तक्रार कुठे चालेल?"

वकिलांनी आईकडे बघितलं.

"इथेच," आई म्हणाली. "आणि मला उत्तर आज पाहिजे."